शिकवणारा शेजारी असावा का?

शीर्षक वाचून काहींना वाटेल की हा गुरु-शिष्य नात्यावरचा निबंध असावा. वस्तुतः विषय अगदी साधा आणि रस्त्यावरचा आहे. मोटार चालवण्याच्या परवान्याची परीक्षा देताना, ज्यांनी आपल्याला गाडी शिकवली ते प्रशिक्षक गाडीत बसलेले असावेत की नसावेत, एवढाच हा प्रश्न. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ मुले-मुली अठरा वर्षे पुरी होताच शिकाऊ परवाना काढतात. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या अनेकांपुढे येणार आहे. माझ्यापुढे तो गेल्या वर्षी आला. खरे म्हणजे तो आला आहे हेच मला कळले नाही, आणि मी नापास झाले. त्यानंतर थोडे वाचले, थोडा विचार केला. तो येथे मांडत आहे.

आधी माझी हकीकत थोडक्यात सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सातवीपर्यंत शिकले. गावातले दूध शीतकरण केंद्रावर पोचवणारा टेम्पो ते चालवतात. पहाटेची एक खेप आणि संध्याकाळची एक. पावसाळा असो, लग्नसराई असो, अंगात ताप असो, म्हैस दूध द्यायची थांबत नाही. त्यामुळे टेम्पोही थांबत नाही. दोन वर्षांपासून आप्पांचा उजवा गुडघा दुखतो. ब्रेक दाबताना ते ओठ आवळतात, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. घरात भाऊ लहान. तेव्हा मी गाडी शिकावी असे मीच ठरवले. आईने भिशीचे पैसे मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या फीसाठी दिले. असे पैसे घेऊन शिकायला गेलेल्या मुलीला नापास होणे परवडत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात वाहन परवान्याचा कारभार मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार चालतो. प्रथम शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने. तो मिळाल्यापासून किमान ३० दिवस उलटल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. शिकाऊ माणसाने गाडी चालवताना पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लावावे लागते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट अशी की, त्याच्यासोबत त्या प्रकारच्या गाडीचा परवाना असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा.

म्हणजे घरापासून परीक्षेच्या मैदानाच्या फाटकापर्यंत शिकवणारा माणूस शेजारी हवाच. तेथे आपल्याला निवड नाही. प्रश्न फाटकाच्या आतला आहे. नियम १५ मध्ये परीक्षार्थीने काय काय करून दाखवावे याची लांबलचक यादी आहे. आरसा नीट लावणे, गाडी सुरू करण्यापूर्वीची काळजी, हलके उचलून वरच्या गिअरपर्यंत जाणे, चढावर थांबवून मागे न घसरता पुन्हा उचलणे, योग्य वेळी इशारा करणे, मागे घेणे, अचानक थांबवणे, पादचाऱ्यांना वाट देणे इत्यादी. हे सारे ‘परीक्षार्थीने’ करून दाखवायचे आहे, हे विसरू नये. प्रत्यक्षात मात्र ठिकाणोठिकाणी पद्धत वेगळी असते. काही ठिकाणी निरीक्षक गाडीत बसतात, काही ठिकाणी बाहेर उभे राहून पाहतात. जेथे संगणक आणि कॅमेऱ्यांनी जोडलेला परीक्षा-मार्ग आहे तेथे प्रशिक्षकाला जागाच उरत नाही. तालुक्याच्या कॅम्पमध्ये मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या एकाच गाडीत एकामागून एक मुले बसतात, आणि प्रशिक्षक डाव्या आसनावर तसेच बसून राहतात.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी नियंत्रण असते. चालकाच्या पायाशी जसे ब्रेक आणि क्लच, तसेच शेजारच्या प्रशिक्षकाच्या पायाशीही. हे नियमानेच बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. नवशिक्याच्या हातून गाडी गेली तर समोरच्या माणसाचा जीव वाचावा यासाठी ती सोय आहे. परंतु माझ्या नापास होण्याचे मूळही त्या सोयीतच होते.

चढावरची गोष्ट

परीक्षेच्या दिवशी सर नेहमीप्रमाणे शेजारी बसले. “घाबरू नको, मी आहे,” म्हणाले. निरीक्षक साहेब बाहेर उभे होते. गाडी उचलली, वळवली, मागे घेतली; सारे ठीक झाले. मग चढ आला. थांबवली. पुन्हा उचलताना क्लच जरा लवकर सुटला, इंजिनाने आचका दिला आणि गाडी मागे सरकू लागली. मी घाबरून काहीच केले नाही. तरीसुद्धा गाडी थांबली.

साहेब खिडकीशी आले, वाकून त्यांनी सरांच्या पायाकडे पाहिले आणि मला विचारले, “गाडी कोण चालवतंय?”

मला उत्तर देता आले नाही. सरांचा यात दोष आहे असे मी मानत नाही. दिवसाला दहा-बारा नवशिक्यांना सांभाळणारा तो पाय सवयीनेच ब्रेकवर गेला. पण साहेबांचा तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. शिकण्याच्या त्या दिवसांत सरांचा पाय किती वेळा ब्रेकवर गेला असेल? मी ‘छान थांबवली’ म्हणून ज्या वेळी खूश झाले, त्यातील किती वेळा मी थांबवली होती आणि किती वेळा त्यांनी? मला येते किती आणि येत नाही किती, हेच मला ठाऊक नव्हते. नापास झाल्याचे दुःख एका रात्रीत ओसरले. ही शंका मात्र आठवडाभर छळत राहिली. कारण टेम्पोला दुहेरी ब्रेक नसतो.

पाहणाऱ्याचा परिणाम

मानसशास्त्र हा माझा एक विषय आहे. ‘सामाजिक प्रभाव’ या प्रकरणात या प्रश्नावर उजेड पाडणारे काही प्रयोग दिलेले असतात. परीक्षेपुरते ते मी पाठ केले होते. त्यांचा अर्थ चढावर कळला.

अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एकट्याने सायकल चालवणाऱ्यापेक्षा इतरांबरोबर शर्यतीत उतरलेला स्वार अधिक वेगाने जातो असे त्यांना आढळले होते. मग त्यांनी मुलांना मासे पकडण्याच्या गळाची रीळ गुंडाळायला दिली. कधी एकट्याने, कधी जोडीने. चाळीस मुलांपैकी वीस जोडीने अधिक जलद गुंडाळू लागली, दहांवर फारसा परिणाम झाला नाही, आणि उरलेली दहा उलट मंदावली. पुष्कळदा पहिल्या वीसांविषयीच सांगितले जाते. मला त्या शेवटच्या दहा मुलांविषयी जवळीक वाटते.

हा गोंधळ १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी उलगडला. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या उपस्थितीने माणसाची उत्तेजना वाढते, आणि उत्तेजना वाढली की त्या क्षणी जी प्रतिक्रिया अंगवळणी पडलेली असेल तीच उसळून वर येते. काम पक्के मुरलेले असेल तर अंगवळणी पडलेली प्रतिक्रिया बहुधा बरोबर असते, म्हणून माणूस अधिक चांगले करतो. काम कच्चे असेल तर ती बहुधा चुकीची असते, म्हणून तो अधिक बिघडवतो. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट चक्क झुरळांवर तपासली. सरळ वाटेवर, इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवली की झुरळ अधिक जलद पळाले; वळणाच्या वाटेवर मात्र अधिक रेंगाळले. १९८२ साली अमेरिकेतच पूल हा टेबलावरचा खेळ खेळणाऱ्यांवर निरीक्षण झाले. चार माणसे जवळ उभी राहून पाहू लागताच चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे मात्र ३६ वरून २५ टक्क्यांवर घसरले.

आणखी एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. निकोलस कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. माणसे हजर होती, पण पाहू शकत नव्हती. आणि त्यांच्या हजेरीचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा कॉट्रेल यांच्या मते, उत्तेजना निर्माण होते ती कोणी आपले मूल्यमापन करील या जाणिवेने.

हे आपल्या प्रश्नाला लावून पाहू. परीक्षेत एक मूल्यमापन करणारा तर असतोच, तो म्हणजे निरीक्षक. प्रशिक्षक बसले की दुसरा मूल्यमापन करणारा आला काय? हे नात्यावर अवलंबून आहे. ज्यांच्या ओरडण्याची आपल्याला धास्ती आहे असे प्रशिक्षक हे दुसरे परीक्षकच होत. ज्यांच्याजवळ चूक झाली तरी लाज वाटत नाही, ते बसले तर मूल्यमापनाची भीती वाढत नाही. उलट ओळखीचा माणूस जवळ असल्याचा धीर मिळतो. आणि चढासारखी कच्ची गोष्ट कोणाच्याही समोर अधिकच कच्ची होणार. तिच्यावर उपाय एकच, ती पक्की करणे.

इंग्लंडातील रीत

ग्रेट ब्रिटनमध्ये वाहन-परीक्षा १ जून १९३५ पासून सक्तीची झाली. त्या वेळी फी साडेसात शिलिंग होती. तेथे आज ही निवड उघडपणे परीक्षार्थीच्या हाती आहे. प्रशिक्षकाला किंवा घरच्या माणसाला गाडीत बसवायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. एप्रिल २०१० पासून तेथील परीक्षा घेणाऱ्या खात्याने सोबत कोणाला तरी न्यावे असे उत्तेजनही दिले. सोबतीचा माणूस १६ वर्षांवरील हवा, आणि त्याने परीक्षेत कोणताही भाग घेता कामा नये. तो मागे बसतो; पुढच्या आसनावर परीक्षक. प्रत्यक्ष गाडी चालवणे सुमारे ४० मिनिटे चालते. किरकोळ चुका १५ पर्यंत माफ, पण एकच गंभीर चूक झाली की नापास.

या उत्तेजनामागचे कारण धीर देण्यापुरते नाही. परीक्षा संपल्यावर घाबरलेल्या उमेदवाराला काय चुकले ते आठवतच नाही. मागे बसलेल्या प्रशिक्षकाने मात्र सारे पाहिलेले असते. पुढच्या खेपेला नेमके काय सुधारायचे ते तो सांगू शकतो, आणि उमेदवार पास झाला तरी कोणत्या बाजूने सावध राहावे हे सुचवू शकतो. म्हणजे तेथे प्रशिक्षक बसतो तो साक्षीदार म्हणून. शेजारी बसणे आणि मागे बसणे यांत दोन-तीन हातांचेच अंतर असेल, पण मागे पायाशी ब्रेक नसतो.

एक अवघड मुद्दा

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे पुष्कळांना प्रशिक्षक जवळ हवे असतात ते शिकवण्यासाठीही नाही आणि धीरासाठीही नाही. ‘सरांची ओळख असते, सर बघून घेतात,’ अशी समजूत असते. ती कोठे खरी, कोठे खोटी, याच्यात मी शिरत नाही. पण त्या समजुतीने परीक्षार्थीचे काय होते ते पाहावे. तो चढाचा सराव करीत नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. या सर्वांना अर्धवट शिकलेल्या चालकांनी मारले असे कोणी म्हणणार नाही. रस्ते, वेग, दारू अशी कारणे अनेक आहेत. परंतु परवाना म्हणजे ‘हा माणूस एकटा गाडी चालवू शकतो’ असे शासनाने समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेले वचन आहे. ते वचन ओळखीवर दिले जाऊ नये.

दुसरी बाजूही सांगते. एखादी मुलगी पहिल्यांदाच अनोळखी पुरुष निरीक्षकाबरोबर बंद गाडीत बसणार असेल, आणि तिला ओळखीचे माणूस मागे असावे असे वाटत असेल, तर त्यात कमीपणा काहीच नाही. तिला तसे विचारण्याचा संकोच वाटू नये. गावाकडून येणाऱ्या आम्हा मुलींना कार्यालयातील साधा अर्ज देतानाही घसा कोरडा पडतो, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे त्यांना कदाचित कळणार नाही.

मग ठरवावे कसे?

माझ्या अनुभवावरून आणि वाचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, आपण जेथे परीक्षा देणार तेथील पद्धत आधी विचारून घ्यावी. तेथे एकट्यानेच गाडी चालवावी लागत असेल तर प्रश्नच मिटला. मग सरावही तसाच करावा.

दुसरी, शिकवणीच्या शेवटच्या काही दिवसांत सरांना विनंती करावी की त्यांनी दोन्ही पाय पेडलपासून दूर ठेवावेत, आणि जीवावर बेतल्याखेरीज मदत करू नये. आणि पाय ब्रेकवर गेलाच तर तसे तोंडाने सांगावे. नियमाप्रमाणे खासगी वाहनाची शिकवणी किमान २१ दिवसांची आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास किमान १० हवेत. त्यांतले शेवटचे दोन-तीन तास असे गेले तर आपले आपल्याला कळते.

तिसरी, एकदा लुटुपुटुची परीक्षा द्यावी. एक फेरी सर मागे मुकाट बसलेले असताना, आणि दुसरी शेजारी दुसरा कोणी परवानाधारक असताना. कोणत्या फेरीत हात कमी थरथरतात ते पाहावे. उत्तर पुस्तकात मिळणार नाही.

चौथी, सर बसणार असतील तर मागे बसावेत, बोलू नये, खोकू नये, आरशातून खुणा करू नयेत. परीक्षार्थीनेही आरशात रस्ता पाहावा, सरांचा चेहरा पाहू नये.

आणि नापास झाल्यास घाबरू नये. कायद्याप्रमाणे सात दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा अपयश आले तर मात्र शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते.

माझी दुसरी खेप

दुसऱ्या खेपेला मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेतली नाही. मामाची जुनी गाडी आणली. तीत ब्रेक एकच, माझ्या पायाशी. रोज संध्याकाळची खेप संपवून आप्पा शेजारी बसत, आणि आम्ही आमच्या गावच्या पाझर तलावाच्या चढावर जात असू. आप्पा स्वतः ट्रकवर क्लीनर होते तेव्हा शिकले. त्यांच्या उस्तादाने एका रात्री सपाटीला गाडी त्यांच्या हाती दिली आणि तो मागे झोपी गेला. “झोपला न्हवता,” आप्पा म्हणाले, “पण मला तवा वाटलं झोपला. म्हणून शिकलो.” ती पद्धत कायद्यात बसणारी नाही आणि मी कोणाला सुचवणारही नाही. पण त्या उस्तादाला, पाहणारा दिसेनासा झाला की शिकणारा जागा होतो, हे ठाऊक होते.

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या फाटकापर्यंत आप्पा शेजारी होते. तेथे ते उतरले. कॉट्रेलचा प्रयोग डोक्यात होता, म्हणून मी म्हटले, “आप्पा, तुम्ही पाठ करून उभे राहा. बघू नका.” ते लिंबाच्या झाडाखाली मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. साहेब गाडीत बसले. चढ आला, थांबवली, हँडब्रेक लावला, क्लच हळू सोडत आणला, इंजिनाचा आवाज जड झाल्यावर हँडब्रेक सोडला. गाडी वर गेली. साहेब काही बोलले नाहीत, कागदावर खूण केली.

बाहेर आल्यावर मी काही सांगण्याआधीच आप्पा म्हणाले, “तिसऱ्या गिअरला घाई केलीस. चढाला बरोबर उचललीस.” त्यांनी पाठ फिरवली होती, पण कान फिरवता येत नाहीत. तीस वर्षे इंजिन ऐकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून उपयोग नाही, हे कॉट्रेलच्या प्रयोगात आलेले नाही.

परवाना मिळाला, तरी टेम्पो अजून माझ्या हाती आलेला नाही. हलक्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. परंतु त्यासाठी वयाची वीस वर्षे पुरी व्हावी लागतात. माझी पुढच्या वर्षी होतील. तोवर पहाटेच्या खेपेला मी शेजारी बसते. आप्पा चालवतात, मी ऐकते.

— द्वितीय वर्ष, कला